व्हीआर गेम घेताना आधी पाय बघा, मग रेटिंग

चाळीसगावच्या एका भावाचा प्रश्न आहे, थोडक्यात असा: मामांनी दुबईहून क्वेस्ट ३एस, म्हणजे मेटा कंपनीचा डोळ्यांवर चढवून खेळायचा व्हीआर हेडसेट, आणून दिला. पहिल्याच दिवशी रोलरकोस्टरचा एक गेम लावला, मग हेडसेटसोबत फुकट आलेला ‘बॅटमॅन: अर्कम शॅडो’. दोन्ही वेळेला थोड्याच वेळात डोकं गरगरलं, मळमळलं, रात्रीचं जेवणही गेलं नाही. आईने तर दोन मिनिटांत काढून ठेवला. तेव्हापासून हेडसेट कपाटात आहे. त्याला विचारायचंय की व्हीआर आपल्याला सोसतच नाही का? पैसे तीनच गेमचे आहेत, तर सगळ्यात भारी तीन कोणते? आणि जो तो ‘हाफ-लाइफ: ॲलिक्स’चं नाव घेतो, तर त्यासाठी गेमिंग लॅपटॉप घ्यावा का? घरात तो, आई आणि ११ वर्षांची बहीण. जागा म्हणजे दहा बाय बाराचा हॉल, त्यात पलंग, वर पंखा.

भाऊ, मी जळगावात छोटा गेम झोन चालवतो आणि धंदा सुरू करायच्या आधीपासून स्वतः खेळतो. त्यामुळे हेडसेट घालून लोक पहिल्या पाच मिनिटांत काय करतात, हे रोज समोर बघतो. त्या जोरावर सांगतो, ‘सगळ्यात भारी गेम कोणता’ हा तुझा खरा प्रश्नच नाही. खरा प्रश्न असा की गेममध्ये तुझे पाय कोण हलवतं, तू की गेम?

कन्नडचा घाट चढताना एसटीत मोबाइल बघत बसलं की काय होतं, ते चाळीसगावकराला सांगायला नको. तिथे कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण वळतोय, आणि डोळे म्हणतात समोरचं अक्षर जागेवर आहे. हेडसेटमध्ये हेच उलटं होतं. डोळे म्हणतात आपण खाली कोसळतोय, कान म्हणतो छे, खुर्चीवर बसलोय. दोघांचं जुळलं नाही की मळमळ सुरू. रोलरकोस्टर म्हणूनच फसवा. लोकांना वाटतं, नुसतं बसायचंय, काही करायचं नाही, म्हणजे सोपं असणार. पण काही करायचं नसतं म्हणूनच तो पोट ढवळतो. सगळी हालचाल गेमच्या हातात, तुझ्या शरीराच्या वाट्याला काहीच नाही. आणि बॅटमॅनमध्ये हातातल्या कंट्रोलरची स्टिक, म्हणजे अंगठ्याने हलवायची छोटी दांडी, पुढे ढकलून चालायचं, गच्चीवरून तरंगत खाली यायचं, मध्येच मारामारी. गेम चांगला आहे, माझ्या आवडीचा आहे, पण पहिल्या दिवसाचा नाही. म्हणजे तू सुरुवातच अवघड टोकाकडून केलीस. एवढ्यावरून सोसत नाही असा निकाल लावू नकोस.

आता हेही खरं की सोसणं माणसागणिक वेगळं. काही जण पहिल्या दिवशी काहीही खेळतात. काही जणांना महिनाभर खेळूनही स्टिकने चालणं जमत नाही. माझ्याकडे दणकट पहिलवान गडी पाच मिनिटांत खाली बसलेले आहेत आणि साठीच्या मावशी आरामात खेळून गेल्या आहेत, त्यामुळे तब्येतीवरून अंदाज बांधणं मी सोडून दिलंय. उपाशीपोटी, झोप झालेली नसताना, किंवा मेच्या दुपारी उकाड्यात खेळलं तर त्रास लवकर होतो. आणि एक गोष्ट बहुतेक जण तपासतच नाहीत: भिंगांमधलं अंतर. ३एसमध्ये ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीन खुणा आहेत, भिंगं हाताने सरकवायची असतात. तुझ्या डोळ्यांतलं अंतर ६८च्या आसपास असेल आणि भिंगं ५८वर असतील, तर चित्र धूसर दिसणार आणि कपाळ दुखणार. आईने दोन मिनिटांत काढलं त्याचं कारण हेही असू शकतं. तिन्ही खुणांवर बारीक अक्षर वाचून बघा, जिथे स्वच्छ दिसेल ती तुमची. आईची, बहिणीची आणि तुझी खूण एकच असेल असं नाही, दर वेळी बदलायची.

गेमचं म्हणशील तर माझ्या लेखी तीन जाती. पहिल्या जातीत गेममधली जागा आणि तुझ्या खोलीतली जागा एकच असते. तू एक पाऊल टाकलंस तर गेममध्येही एकच पाऊल पडतं. इथे मळमळ जवळपास नाहीच. दुसऱ्या जातीत लांब जायचं असेल तर बोट दाखवायचं आणि तिथे एकदम हजर व्हायचं, मधला प्रवास दिसत नाही. हेही बहुतेकांना सोसतं. तिसरी जात स्टिकने सरसर चालवणारी, उडवणारी, पळवणारी. तुझे दोन्ही गेम तिसऱ्या जातीचे.

पहिल्या जातीचा राजा म्हणजे ‘बीट सेबर’. चेक प्रजासत्ताकातल्या छोट्या टीमने केलेला, २०१८मध्ये आला आणि आजही माझ्याकडे सर्वांत जास्त तोच मागतात. गाण्याच्या ठेक्यावर समोरून लाल-निळे ठोकळे येतात, लाल डाव्या हाताने आणि निळे उजव्या हाताने, बाणाच्या दिशेने कापायचे. नवखा माणूस मनगट झटकतो आणि म्हणतो, सगळे कापले तरी मार्क कमी का? त्याचं उत्तर गेमच्या हिशेबात आहे. एका ठोकळ्याला जास्तीत जास्त ११५ गुण. त्यातले ७० कापण्याआधी हात किती लांबून आणला याचे, त्यासाठी १०० अंशांचा फेर लागतो. ३० कापल्यानंतर हात पुढे किती नेला याचे, तिथे ६० अंश. बरोबर मधोमध कापल्याचे फक्त १५. म्हणजे गेमला नेमपेक्षा मोकळा हात आवडतो. हे कळलं की माणूस खांद्यापासून हात फिरवायला लागतो, आणि मग तीन गाण्यांत बनियन ओला होतो. माझी तक्रार एकच: सोबत येणारी गाणी कानाला लवकर जुनी होतात, आणि नावाजलेल्या गायकांची गाणी वेगळे पैसे मोजून घ्यावी लागतात. त्या गाण्यांच्या मागे लागू नकोस. आहे त्याच गाण्याची पातळी वाढवत गेलास तरी बराच काळ पुरेल.

‘सुपरहॉट व्हीआर’ पोलंडचा, २०१६चा, आणि माझ्या मते आजवरचा सगळ्यात हुशार व्हीआर गेम. नियम एका ओळीचा: तू हललास तरच वेळ पुढे सरकतो. तू थांबलास की गोळी हवेत थांबते. समोर काचेची लाल माणसं. एकजण बंदूक रोखून उभा, तुझ्या हाताशी टेबलावर फक्त ॲशट्रे. ती उचलून फेकायची, त्याच्या हातून सुटलेली बंदूक हवेतच पकडायची, आणि हे चालू असताना कानाजवळून जाणारी गोळी बघत मान हळूच बाजूला घ्यायची. सोळा वर्षांची पोरं इथे गडबड करतात आणि मरतात, कारण जितकी घाई तितका वेळ जोरात पळतो. सावकाश हलणारा माणूस जिंकतो. हा खेळ टीव्हीच्या पडद्यावर अर्धाही उरत नाही, कारण वाकणारी कंबर तुझी स्वतःची असते. गेम लहान आहे, दोन-तीन तासांत मुख्य भाग संपतो. पैशाच्या मानाने लहान म्हणून लोक नाकं मुरडतात. मला ते पटत नाही, मी अजून तो उघडतो.

टेबल टेनिस येत असेल तर ‘इलेव्हन टेबल टेनिस’ घे, येत नसेल तर थांब. चेंडूची फिरकी इतकी खरी आहे की कॉलेजला खेळलेले लोक दोन मिनिटांत जुन्या सवयीने सर्व्हिस करायला लागतात. धोका नेमका तिथेच. पॉइंट संपला की खेळाडू सवयीने टेबलावर हात टेकवतो, आणि टेबल नसतंच. पडता पडता वाचलेले बरेच बघितले. शिवाय ऑनलाइन खेळायला नेट स्थिर लागतं, नाहीतर चेंडू मध्येच उडी मारतो.

क्रिकेटचं सगळेच विचारतात, म्हणून तेही सांगून टाकतो. हैदराबादच्या प्रोयुगा कंपनीचा ‘आयबी क्रिकेट’ आहे, फक्त बॅटिंगचा. बॉलर पळत येतो आणि चेंडू अंगावर येतो, तेव्हा छातीत धस्स होतं, ते खरं. पण हातात किलोभराची बॅट नसते, हलकं कंट्रोलर असतं, त्यामुळे मैदानावर खेळलेल्या माणसाचं टायमिंग बिघडतं आणि ज्याने कधी बॅट धरली नाही तो सिक्स मारतो. घरी पाहुणे आले की मजा. रोजच्या खेळासाठी माझं मन त्यात रमलं नाही.

दुसऱ्या जातीत घरच्यांसाठी पहिला नंबर ‘वॉकअबाउट मिनी गोल्फ’चा. नाव ऐकून तू तोंड वाकडं करशील, करू नकोस. छोटी काठी, छोटा चेंडू, अठरा खड्डे, निवांत खेळ. चेंडू मारला की बटण दाबून थेट त्याच्याजवळ पोचता येतं. ऑनलाइन आठ जणांपर्यंत एकत्र खेळता येतं, आणि ज्याने खेळ सुरू केला त्याच्याकडे विकतचं मैदान असेल तर बाकीच्यांना ते वेगळं घ्यावं लागत नाही. पुण्याला नोकरीला गेलेली पोरं आणि इकडचे त्यांचे मित्र यावर रात्री तासभर गप्पा मारत खेळतात. गोल्फ निमित्त, गप्पा खऱ्या.

आईसाठी म्हणशील तर ‘जॉब सिम्युलेटर’ एकदा दाखव. २०५० सालात यंत्रमानव माणसांच्या जुन्या नोकऱ्यांचं संग्रहालय चालवतात, अशी गंमत आहे. चार कामं: ऑफिस, स्वयंपाकघर, दुकान, गॅरेज. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी येतात तेव्हा माझ्याकडे पोरांसोबत त्यांच्या आयाही येतात. एका ताईंनी कधी गेमचं रिमोट हातात धरलं नव्हतं. सुरुवातीला “हाई काय शे रे भो” करत इकडे तिकडे पाहिलं. स्वयंपाकघरात उभ्या राहिल्यावर पहिलं काम काय केलं, तर पातेलं गॅसवर ठेवताना त्याचा दांडा आतल्या बाजूला वळवला, लेकराचा धक्का लागू नये म्हणून. मग काम झाल्यावर हातातलं कंट्रोलर निवांत ओट्यावर ठेवलं. ओटा गेममधला, कंट्रोलर खरं. मनगटाचा पट्टा होता म्हणून लोंबकळत राहिलं. ज्यांना बटणांची सवय नाही ते व्हीआर लवकर शिकतात, हा माझा अनुभव. त्यांचे हात आधीच शहाणे असतात. पण हा गेम विकत घेण्यासारखा आहे का? लहान मुलं परत परत खेळतात. तू दोन दिवसांत कंटाळशील.

कोड्यांची आवड असेल तर ‘द रूम व्हीआर: अ डार्क मॅटर’. १९०८चं लंडन, पुरातत्त्वाची संस्था, एक गायब झालेला अभ्यासक, आणि किल्ल्या, कड्या, चाकं, गुप्त खण असलेल्या पेट्या. एका जागेवरून दुसऱ्या जागेवर थेट उडी, त्यामुळे डोकं शांत. पितळी कडी चिमटीत धरून फिरवावी आणि आत कुठेतरी खटका पडावा, हे सुख मला दुसऱ्या गेममध्ये इतकं मिळालेलं नाही. इंग्रजी चिठ्ठ्या वाचाव्या लागतात, आणि एकदा सोडवलं की संपलं. पण हेडसेटचं चित्र टीव्हीवर किंवा मोबाइलवर दाखवता येतं. एकाने घालायचं आणि बाकीच्यांनी ओरडून सांगायचं, अरे तो डावीकडचा खण उघड.

बहीण शाळेत ऐकून ‘गोरिला टॅग’ मागेल, आणि तो फुकट आहे. त्यात पाय नाहीतच, हातांनी जमीन ढकलत माकडासारखं पळायचं. कल्पना झकास. स्वतःच्या हाताने ढकलत असल्यामुळे काहींना त्रास कमी होतो, काहींना सगळ्यात जास्त होतो. पण दोन कारणांनी ११ वर्षांच्या पोरीला मी तो एकटीने देणार नाही. एक, अनोळखी लोकांचा माइक सतत चालू असतो. दुसरं, पोरं भान विसरून भिंतीवर हात आपटतात. मेटाच्या नियमाने १० ते १२ वर्षांच्या मुलांचं खातं पालकांच्या ताब्यातलं असतं. ते तसंच उघड, तुझ्या खात्यावर खेळवू नकोस.

म्हणजे तुझ्या घरासाठी माझी निवड अशी: बीट सेबर, वॉकअबाउट मिनी गोल्फ, आणि तिसरा तू एकटा खेळणार असशील तर सुपरहॉट, सगळे मिळून बसणार असाल तर द रूम. तिन्ही एकदम घेऊ नकोस. मेटाच्या दुकानात घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत, आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असशील, तर पैसे परत मागता येतात. एक घे, तीन-चार वेळा खेळ, पटला तर पुढचा.

जागेबद्दल बोललं नाही तर माझं उत्तर अर्धवट राहील. खोलीत फिरून खेळायला मोकळी जागा साडेसहा बाय साडेसहा फूट धर. पलंग भिंतीला लावलास तर दहा बाय बारात ती निघते. पंख्याखाली उभं राहू नकोस, पंखा बंद असला तरी. बीट सेबरमध्ये हात वर जातोच, आणि पात्याला कंट्रोलर लागलं की दोन्ही जातात. छताचा पंखा बंद करून टेबलफॅन किंवा कूलर समोरून लाव. त्याचा दुहेरी फायदा: घाम आणि मळमळ कमी, आणि वारा तोंडावर येतोय म्हणजे आपण कुठल्या दिशेला उभे आहोत ते डोळे झाकलेले असतानाही कळतं. कपाटाचा मोठा आरसा असेल तर चादर टाक, हेडसेटचे कॅमेरे प्रतिबिंबाने गोंधळतात.

आणि उन्हाळ्यात आपली सवय म्हणजे उठसूट गच्ची. दिवसा गच्चीवर अजिबात नको. भिंगांवर थेट ऊन पडलं तर आतला पडदा जळतो, कायमचा डाग. अगदी खिडकीच्या उन्हात काढून ठेवलेला हेडसेटही असा जातो. रात्री गच्चीवर ऊन नाही, पण उजेडही नाही, आणि कॅमेऱ्यांना आजूबाजूचं दिसलं नाही तर आपण कुठे आहोत ते हेडसेटला नीट कळत नाही. कठड्याचा विषय तर मी काढतच नाही. दिवसा घरात लाइट गेली तर मात्र घाबरू नकोस. हेडसेटची बॅटरी दोन-अडीच तास चालते, डाउनलोड करून घेतलेले गेम चालू राहतात, फक्त ऑनलाइनवाले बंद पडतात.

बॅटमॅनकडे परत जायचं असेल तर पंधरा-वीस दिवस वरचे गेम खेळून झाल्यावर जा. सेटिंगमध्ये वळणं सलग न ठेवता टप्प्याटप्प्याची कर, चालताना कडा काळ्या करण्याची सोय असेल ती पूर्ण चालू कर, आणि जमेल तिथे स्टिकने वळण्यापेक्षा अंगानेच वळ. मानेवर गार घाम, लागोपाठ जांभया, तोंडाला पाणी सुटणं, यातलं एक जरी जाणवलं तर त्याच क्षणी काढ. ‘थोडं सहन केलं की सवय होते’ असं सांगणारे भेटतील. सवय होते ती वेळेवर थांबल्याने. मळमळत असताना रेटत राहिलं तर उलट होतं, पुढच्या वेळी हेडसेट नुसता हातात घेतला तरी पोट आठवण काढतं.

राहिला ॲलिक्स. व्हॉल्व्ह कंपनीचा, २३ मार्च २०२०ला आलेला. कौतुक खोटं नाही. गोळ्या संपल्या की खांद्यामागे हात नेऊन मॅगझिन काढायची, पिस्तुलात बसवायची, खटका ओढायचा, आणि समोरून काहीतरी सरपटत येत असताना हे सगळं थरथरत्या हातांनी करायचं. एका भागात आंधळा राक्षस आहे, जो फक्त आवाजावर येतो. तिथे कपाट उघडलं की आतल्या बाटल्या घरंगळतात, आणि तू त्या हवेतल्या हवेत झेलायला धडपडतोस. हवेत तरंगणाऱ्या बुरशीने खोकला येऊ नये म्हणून स्वतःच्या तोंडावर हात दाबून चालावं लागतं. बारा-पंधरा तासांचा खेळ आहे, आणि थेट उडी मारत चालायची सोय असल्याने तुझ्यासारख्यालाही खेळता येतो.

पण तो क्वेस्टवर एकट्याने चालत नाही, पीसी लागतोच. कंपनीने सांगितलेली किमान गरज म्हणजे १२ जीबी रॅम आणि ६ जीबीचं जीटीएक्स १०६० किंवा तेवढ्या ताकदीचं ग्राफिक्स कार्ड. एका गेमसाठी एवढा खर्च मी सांगणार नाही. अभ्यासाला किंवा एडिटिंगला लॅपटॉप घ्यायचाच असेल, तर थोडी भर घालून कार्डवाला घे, मग ॲलिक्स आपोआप पदरात पडतो. नसेल घ्यायचा तर ओळखीत कुणाकडे असा पीसी आहे का बघ. गेम स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, तुझ्या खात्यावर घे, हेडसेट घेऊन दोन-चार रविवार त्याच्याकडे जा. वायफायवरून खेळायचं तर राउटर ५ गिगाहर्ट्झचा आणि पीसी राउटरला वायरने जोडलेला असावा, नाहीतर चित्र अडकतं आणि परत मळमळ. म्हणून जाताना एक लांब यूएसबी-सी केबल पिशवीत टाक, आणि जेवून लगेच खेळायला बसू नकोस.